थकवा किती वाजता येतो?

वजन उतरवायचं ठरवून जेवण कमी केलं, व्यायाम सुरू केला की पहिले आठ-दहा दिवस बहुतेकांचे छान जातात. काटा भराभर खाली येतो, कपडे सैल होतात, गजर वाजायच्या आधी जाग येते. मग तिसऱ्या आठवड्यात कधीतरी अंगातलं त्राणच जातं. जिना चढताना मांड्या भरून येतात, दुपारी डोळे मिटायला लागतात, घरच्यांवर विनाकारण खेकसलं जातं. आणि माणूस स्वतःलाच बोल लावतो, की मी आळशी आहे, माझ्यात चिकाटीच नाही. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते खरं नसतं. या थकव्याला कारणं असतात, ती शोधता येतात, आणि पुष्कळदा दुरुस्तही करता येतात. शोध घ्यायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे हा थकवा दिवसात किती वाजता येतो ते बघणं.

पण घड्याळाकडे वळण्याआधी ताटाचा हिशेब करू, कारण निम्म्याहून जास्त घोळ तिथेच असतो.

समजा, वय ३८, वजन ७२ किलो, उंची १५५ सेंटिमीटर अशी एक बाई आहे. वजनाला १०ने गुणायचं, त्यात उंचीला ६.२५ने गुणून आलेला आकडा मिळवायचा, वयाची पाचपट वजा करायची आणि बायकांसाठी आणखी १६१ वजा करायचे (पुरुषांसाठी ५ मिळवायचे). हे मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्र. उत्तर येतं साधारण १३४०. म्हणजे ही बाई दिवसभर नुसती पडून राहिली तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड चालवायला शरीर अंदाजे एवढ्या कॅलरी खर्च करतं. घरकाम, ऑफिस, थोडं चालणं धरलं की १.४ने गुणायचं, खर्च १८५० ते १९०० होतो. हा अंदाज आहे, माणसामाणसात शंभर-दोनशेचा फरक सहज पडतो.

आता तिचं डाएटचं ताट बघा. सकाळी लिंबू-मध-पाणी. नाश्त्याला वाटीभर पोहे. दुपारी एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, काकडी-टोमॅटो, पेलाभर पातळ ताक. दिवसातून दोन चहा. रात्री भाज्यांचं सूप आणि सॅलड. या सगळ्याची बेरीज ८००-८५० कॅलरींच्या आसपास होते. म्हणजे पडून राहायला लागतात त्याच्याही पाचशे कमी. वर रोज पहाटे तासभर चालणं आणि संध्याकाळी झुंबा. ही बाई तीन आठवडे टिकली हेच तिच्या चिकाटीचं मोठं प्रमाण आहे.

रोजची तूट तीनशे ते पाचशे कॅलरींची असावी, हा माझा आग्रह. या बाईने १५०० खाल्ल्या तर महिन्याला साधारण दीड किलो चरबी जाते, कारण किलोभर चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. दीड किलो ऐकून लोक नाराज होतात. पण हजाराची तूट फार थोड्यांना जमते. शरीर दुसऱ्या बाजूने खर्च छाटायला लागतं. थायरॉइडचं टी-३ हार्मोन खाली येतं, हातपाय गार पडतात, आणि नकळत हालचाल कमी होते. पूर्वी स्वतः उठून पाणी घेणारी व्यक्ती मुलाला सांगायला लागते, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालणारा बसून बोलतो, एका मजल्यासाठी लिफ्ट लागते. व्यायामाचा तास पाळला जातो आणि उरलेले पंधरा तास शरीर गप्प बसून ती कॅलरी परत मिळवतं.

उपाशी शरीर मनाचं काय करतं याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली झाला. ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवक निवडले, २४ आठवडे त्यांचं खाणं जवळपास निम्म्यावर आणलं आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालायला लावलं. युद्धानंतर उपासमारीतून बाहेर पडणाऱ्या लोकांना कसं खाऊ घालायचं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. ते तरुण गळून गेले, चिडचिडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, आणि डोक्यात दिवसभर जेवणाचेच विचार. त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. हे तरुण मुळात सडपातळ होते, त्यामुळे अंगावर चरबी असलेल्याची गत अगदी तीच होईल असं नाही. पण उपासमारीत येणारी चिडचिड आणि मरगळ हा स्वभावाचा दोष नसतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

ताटातली दुसरी गोष्ट माझ्या मते कॅलरींपेक्षाही जास्त दुर्लक्षित आहे. ती म्हणजे प्रथिनं. वरच्या ताटात ती वीस ग्रॅमसुद्धा नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे या बाईला ६० ग्रॅम. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर ६५ ते ७० धरावेत. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.) प्रथिनं कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं, आणि मग काटा खाली आला तरी जिना जडच वाटतो.

"आम्ही रोज वरण खातो की" हे यावरचं ठरलेलं उत्तर. म्हणून वरणाची वाटी एकदा नीट बघायला हवी. घरची नेहमीची स्टीलची वाटी घ्या. भातावर ओतायचं पातळ वरण असेल तर त्या वाटीत शिजवण्याआधीची तूरडाळ फार तर २० ग्रॅम असते, बाकी पाणी. त्यातून मिळतात चार-साडेचार ग्रॅम प्रथिनं. तेच वरण डावाला चिकटेल इतकं घट्ट केलं आणि माणशी ३० ग्रॅम डाळ धरली तर साडेसहा. फरक डोळ्यांना फारसा दिसत नाही, म्हणून डाळ एकदा वजनकाट्यावर मोजूनच कुकरला लावावी. आठवडाभर मोजली की पुढे मुठीला अंदाज येतो.

सत्तर ग्रॅमची जुळणी मराठी स्वयंपाकात अवघड नाही, फक्त ठरवून करावी लागते. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध, की १९ ग्रॅम झाले. दुपारी दीड भाकरी, ४० ग्रॅम मटकीची मोड आणून केलेली घट्ट उसळ आणि वाटीभर दही, यातून २१. पाचच्या सुमाराला मूठभर फुटाणे, म्हणजे ३० ग्रॅम, त्यांचे ६. रात्री घट्ट वरण, एक पोळी आणि ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची भाजी, किंवा किनाऱ्याकडच्या लोकांनी शंभर ग्रॅम बांगडा, की साधारण २४ मिळतात. अंडी चालत नसतील तर मुगाच्या डाळीची दोन धिरडी आणि ५० ग्रॅम पनीर. दिवसभरात तेल पाच छोटे चमचे. आणि भाजीत, कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालताना चमचा मोजावा, कारण ३० ग्रॅम दाण्यांत १७० कॅलरी असतात आणि आपला हात सैल असतो.

किती वेळा जेवायचं यावर महाराष्ट्रात घरोघरी वाद आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत खेड्यापाड्यांत पोचली, तर दुसरीकडे दर दोन-तीन तासांनी खा असं सांगणारेही आहेत. माझं मत असं, की दिवसाची बेरीज नीट जमली तर दोन्ही चालतं. दोनच वेळा जेवणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, की एका ताटात ३५ ग्रॅम प्रथिनं बसवायची आहेत. शाकाहारी ताटात ती आपोआप बसत नाहीत, तिथेच ही मंडळी थकतात.

आता घड्याळ.

व्यायामाच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच पाय शिशासारखे जड झाले, नेहमीचे सूर्यनमस्कार अर्ध्यावर थांबले, तर स्नायूंमधला साखरेचा साठा उतरलेला असतो. हा साठा ग्लायकोजेनच्या रूपात राहतो. यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंमध्ये सुमारे ४००, आणि दर ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी. पहिल्या आठवड्यात काटा जो दीड-दोन किलो उतरतो त्यात मोठा वाटा या साठ्याचा आणि त्याच्या पाण्याचा असतो. भात-भाकरी एकदम बंद करणाऱ्याचा काटा म्हणूनच झपाट्याने पळतो आणि त्याचेच पाय आधी जड होतात. पाऊण तास बोलत-बोलत चालायचं असेल तर उपाशीपोटी चाललं तरी हरकत नाही. पण धावणं, जिम, झुंबा असेल तर आधी वीस-तीस मिनिटं एक छोटं वेलची केळं किंवा दोन खजूर खावेत, आणि आदल्या रात्रीची पोळी किंवा भात तोडू नये. इंधन रात्रीच भरलं जातं.

सकाळी दहा-अकराला डोकं दुखतं, खाली वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, उभं राहिल्यावर क्षणभर तोल जातो. हे पुष्कळदा मीठ-पाण्याचं असतं. पिष्टमय खाणं कमी झालं की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात, त्याच्यामागून पाणी जातं. त्यात घाम, आणि त्यात "मीठ वाईट" म्हणून अळणी जेवण. पेलाभर ताकात पाव छोटा चमचा मीठ आणि जिरेपूड घालून प्यायल्यावर अर्ध्या तासात बरं वाटलं, तर कारण बहुधा हेच. मात्र दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका सपाट छोट्या चमच्याच्या आत राहू द्यावं. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी ताकात मीठ घालण्याआधी रक्तदाब मोजून घ्यावा. वजन उतरलं की दाबही उतरतो, आणि जुनाच डोस जास्त होऊन चक्कर येत असते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांकडून कमी करून घ्यायची.

चार वाजताची मरगळ दुपारच्या ताटातून येते. नुसतं सॅलड खाल्लं की चारला भूक उसळते, मग चहा-बिस्किट, मग सहाला पुन्हा गळाठा. दुपारच्या जेवणात वीस ग्रॅम प्रथिनं आणि दीड भाकरी गेली की चार वाजता काय होतं, ते चार दिवस करून बघावं.

रात्री दोन-तीनला भुकेने जाग येणं आणि सकाळी न झोपल्यासारखं उठणं म्हणजे तूट फार मोठी आहे. कधी कधी मात्र उलट असतं. पहाटे पाचच्या व्यायामासाठी गजर लावला, पण रात्रीचं आवरणं साडेअकराच्या आत होतच नाही. साडेपाच तासांच्या झोपेवर वजन उतरवणं किती तोट्याचं, हे शिकागो विद्यापीठातल्या २०१०च्या एका छोट्या प्रयोगात दिसलं. दहा जणांना तेवढंच कमी खाणं दिलं, एकदा चौदा दिवस साडेआठ तासांची झोपेची मुभा, एकदा साडेपाच तासांची. वजन दोन्ही वेळा सारखंच, तीन किलोच्या आसपास उतरलं. पण चरबी पुरेशा झोपेत १.४ किलो गेली आणि अपुऱ्या झोपेत फक्त ०.६, बाकीचं वजन स्नायूंसारख्या हव्या असलेल्या भागातून गेलं. दहा जणांच्या प्रयोगावर सगळी इमारत उभी करू नये, तरी मी इथे एक गोष्ट ठामपणे सांगेन. झोप सहा तासांच्या खाली जाणार असेल तर त्या दिवशी पहाटेचा गजर बंद करा आणि झोपा. चालणं संध्याकाळीही होतं.

दिवसभर एकसारखा थकवा असेल, कोणत्याही वेळेला बांधलेला नसेल, तर स्वयंपाकघरात उत्तर शोधत बसू नये. रक्त तपासावं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या रेषेखाली होत्या, महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे डाएट सुरू करायच्या आधीच निम्म्या बायकांचं हिमोग्लोबिन १२च्या खाली असतं, आणि त्यावर आपण जेवण तोडतो. एक जिना चढून धाप लागणं, छातीत धडधड, डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकी, निवडताना कच्चे तांदूळ तोंडात टाकावेसे वाटणं, ही लोह कमी असल्याची ओळखीची चिन्हं. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे लोहाचा साठाही बघावा, कारण साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन मागाहून घसरतं. सोबत बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच आणि तीन महिन्यांची सरासरी साखर. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार आढळते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. पायांना मुंग्या येत असतील तर ही तपासणी पुढे ढकलू नये. लोहासाठी पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तासभर थांबावं, कारण चहा लोह शोषू देत नाही. पण हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर नुसत्या खाण्याने ते भरून यायला फार वेळ जातो, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावीच.

मधुमेहावर ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांचा थकवा मी वेगळा काढते, कारण तिथे धोका आहे. जेवण कमी, व्यायाम जास्त आणि औषध तेवढंच, तर साखर ७०च्या खाली घसरू शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, बोलताना गोंधळ, असं झालं की जागीच थांबून तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. खिशात साखर नसताना फिरायला जायचंच नाही. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या चालू असताना भात-पोळी पूर्ण बंद करणं किंवा कडक उपास करणं वेगळ्या कारणाने धोक्याचं असतं, रक्तातली आम्लता वाढू शकते. डाएट बदलायच्या आधी औषधं दाखवून घ्या, नंतर नव्हे.

पाळी पुढे-मागे जायला लागली किंवा चुकली, तर तो शरीराचा स्पष्ट निरोप आहे की खाणं व्यायामाला पुरत नाही. मुली याकडे "बरंच झालं" म्हणून बघतात, याची मला खरी काळजी वाटते. कंगव्यावर मुठीने केस यायला लागले तर दोन-तीन महिने मागे जाऊन तेव्हाचं जेवण आठवावं. केसांवर परिणाम इतक्या उशिरा दिसतो.

उपासाचा दिवसही मध्ये येतोच. साबुदाण्यात जवळपास सगळा स्टार्च, प्रथिनं नावाला. संकष्टीला सकाळी खिचडी आणि चंद्रोदयापर्यंत चहावर राहायचं असेल तर त्या दिवशी फक्त चालावं. वरीचा भात, दाण्याची आमटी आणि दही असं खाल्लं तर तोच उपास बरा सोसतो.

व्यायामाबद्दल थोडंच सांगते, कारण तिथली चूक एकाच जागी असते: डाएट आणि जिम एकाच सोमवारी सुरू होतात. पहिले दोन आठवडे फक्त जेवण बसवावं आणि रोज अर्धा तास चालावं. तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठणं दहा वेळा, भिंतीवरचे जोर दहा, लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्याच्या वर उचलणं दहा, असे दोन फेरे. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. थकवा आला तर फेरे कमी करावेत, पण ताकदीचा दिवस सोडू नये, कारण स्नायू त्यानेच टिकतात. आणि "इतका व्यायाम केला" म्हणून खाण्याची सूट घेताना आकडा माहीत असावा. ७२ किलोच्या माणसाने पाऊण तास चालून एकूण १८०-१९० कॅलरी जातात. एका वड्याने त्यातलं बरंचसं परत येतं.

फार कमी खाणाऱ्याने हे वाचून उद्यापासून एकदम दुप्पट खाऊ नये. आधी आठवडाभर दुपारच्या ताटात अर्धी भाकरी आणि घट्ट उसळ वाढवावी, पुढच्या आठवड्यात नाश्ता भरावा, तिसऱ्यात रात्रीचं जेवण. चार-पाच दिवसांत पाय हलके झाल्याचं जाणवतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत काटा अर्धा-पाऊण किलोने वर जातो. इथे घाबरून पुष्कळ जण पुन्हा सूपवर येतात. वर आलेलं ते वजन बहुतेक स्नायूंमध्ये परतलेला ग्लायकोजेनचा साठा आणि त्याचं पाणी असतं, पहिल्या आठवड्यात गेलेलं. दहा दिवस काटा कपाटावर ठेवावा. रविवारी सकाळी, पोट रिकामं असताना, बेंबीच्या रेषेत टेप लावून कंबर मोजावी आणि कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहावा. शेजारी दुपारी चार वाजता कसं वाटलं, तेही एका शब्दात.